नावं सांगणारी माणसं

मालतीकाकू गेल्याचं पत्र वर्ध्याहून आलं, तेव्हा बाबा नुकतेच हॉस्पिटलमधल्या ड्यूटीवरून आले होते. त्यांनी ते उभ्यानंच वाचलं आणि माझ्या हातात दिलं. काकांनी, म्हणजे काकूंच्या यजमानांनी, मोजकंच लिहिलं होतं. शेवटी माझ्यासाठी एक ओळ होती: हिच्या शेवटच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे, काही चूक दिसली असेल तर कळव.

एक चूक मला माहीत होती...

काका इथेच, सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत होते आणि आमच्याच गल्लीत राहायचे. काकू मुलांच्या पुस्तकांसाठी पक्षी, झाडं, रानगवतं काढत. चित्र आधी, नाव नंतर, ही त्यांची रीत. ‘नाव समजलं की माणूस पाहणंच सोडून देते,’ त्या म्हणायच्या. मराठी नाव त्यांना ठाऊक असायचं. इथलं पंजाबी नाव मात्र ग्रंथात बघून लिहायचं नाही, कुणीतरी तोंडानं सांगायला हवं. माळी, भाजीवाली, शेजारच्या आजी, म्हणजे बीजी... पुस्तकाच्या शेवटच्या पानावर या सगळ्यांची यादी असे. मी त्यांचे रंग धरून बसायचे. त्या मराठीत बोलत, मी हिंदीत उत्तर देई. त्यांनी कधी टोकलं नाही.

ते दिवस दहशतीचे, रस्त्यारस्त्यावरच्या पोलीस नाक्यांचे होते. सकाळच्या बातम्या ऐकून बाबा आधी आम्हाला कुठे जायचं नाही ते सांगत. तरी एका दुपारी पंचकुल्याच्या रस्त्याकडेला काकू तुरेवाला हुदहुद पक्षी काढत बसल्या, आणि नाक्यावरचे सरदारजी हवालदार आमच्यासमोर येऊन उभे राहिले.

‘बीबीजी, नाके का नक्शा बना रहे हो?’

‘नक्शा आता, तो घर का रास्ता कायको भूलती?’ काकू म्हणाल्या.

ते हसले नाहीत. वही घेऊन एकेक पान उलटू लागले. काकूंचं हिंदी त्यांना समजेना. काकू माझ्याकडे वळल्या. ‘तू सांग ना गं यांना.’

मला हिंदी येत होतं, शाळेतलं इंग्रजीही. मी सोळा वर्षांची होते. पण मी रंगांच्या डबीकडे बघत राहिले.

शेवटी काकूंनीच हुदहुदावर बोट ठेवलं. ‘भाईसाब, आपके गाँव में इसको क्या बोलते?’ हवालदारांनी बराच वेळ चित्र पाहिलं. ‘चक्कीराहा,’ ते म्हणाले, आणि हातानं छिन्नी मारून दाखवली. म्हणजे जात्याला टाकी लावणारा. काकूंनी ते लगेच लिहून घेतलं. घरी येताना त्या फक्त त्या नावाबद्दल बोलत होत्या. माझ्या गप्प राहण्याचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही. पुढे काका निवृत्त झाले, दोघं वर्ध्याला गेली, आणि माफी मागायची राहिली.

काकूंचं ते शेवटचं पुस्तक छापून आलं. शेवटच्या पानावर ‘नाक्यावरचे सरदारजी’ होते आणि त्यांच्याखाली माझं नाव. मी एकही नाव सांगितलेलं नव्हतं.

काकांच्या पत्रानंतर मी पुस्तक पुन्हा उघडलं. करडईसारख्या पिवळ्या फुलाचं एक काटेरी झुडूप आहे, त्याखालची इथल्या नावाची ओळ कोरी आहे. परवा पंचकुल्याकडे ते फुललेलं दिसलं. दोन बायका गवत कापत होत्या. मी तिथे किती वेळ उभी होते, सांगत नाही. शेवटी विचारलं, ‘जी, इसको क्या कहते हैं?’

‘पोहली. हत्थ ना लाईं, कुड़िये,’ एक म्हणाली. म्हणजे हात लावू नकोस, पोरी.

‘पोहली किथ्थे? कंडियारी ए,’ दुसरी म्हणाली. मग त्या दोघी आपसातच वाद घालू लागल्या.

दोन्ही नावं काकांना कळवली आहेत. नाक्यावरचं सगळंही लिहिलं, सहा पानं झाली. मराठीत एवढं मी कधीच लिहिलं नव्हतं. यादीतलं माझं नाव ठेवायचं की काढायचं, ते त्यांनी ठरवावं. त्या बायकांची नावं मात्र घालावीत. गुरमेज आणि छिंदो. ती विचारायची मी विसरले होते. दुसऱ्या दिवशी परत गेले.