सक्तीचा रकाना

ग्राहक आपल्या वेबसाइटची माहिती भरतात त्या आतल्या फॉर्ममध्ये प्रत्येक रकान्याखाली भगवानराव एक ओळ लिहायचे, आणि ती ते बोलत तशीच असायची. ‘तारीख बराबर टाका, अंदाजपंचे न्हाई.’ ‘फोटो आपल्याच शेतातला पाहिजे, दुसऱ्याचा उचलू नका.’ ग्राहक हसायचे, पण फॉर्म नीट भरायचे.

नवीन जालन्यात स्टेशनजवळ आमचं वेबसाइट बनवण्याचं छोटं ऑफिस आहे. मी तिथे लागलो तेव्हा भगवानराव पन्नाशीला आले होते. मूळचे मंठ्याचे. आयुष्य छापखान्यात लग्नपत्रिका आणि पत्रकं जुळवण्यात गेलं. छापखाना बंद पडल्यावर पोराच्या वयाच्या लोकांशेजारी बसून हे काम शिकले. मला त्यांनीच शिकवलं. “अरे बाबा, कोरं पान देऊन लिव्हा म्हणलं की माणूस घाबरतो. त्याला रकाने करून दे,” म्हणायचे. नाव, फोटो, सूचना असे तयार ब्लॉक ते बनवून ठेवत. सूचनेच्या ब्लॉकला कुलूप लावत, म्हणजे तो कुणाला चुकूनही उडवता येऊ नये. आणि मी घाईघाईत काही उरकलं की माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहत. “जल्दी झालं रे. पण हे वाचणार कोण, ते इचारलं का कुणाला?”

मग एका बियाणे कंपनीचं काम आलं. प्रत्येक वाणाचं एक पान. भगवानरावांनी त्यात ‘कोरडवाहूत चालते का?’ असा रकाना केला आणि तो सक्तीचा ठेवला. तो भरल्याशिवाय पान प्रसिद्धच व्हायचं नाही. कंपनीनेच दिलेल्या कागदांवरून त्यांनी सगळे वाण स्वतः भरले. कपाशीच्या एका नव्या वाणापुढे लिहिलं : ‘न्हाई. पाण्याची सोय असंल तरच घ्या.’

कंपनीचा मॅनेजर ऑफिसात आला. नेमका तोच वाण त्या हंगामात खपवायचा होता. “पाकिटावर छापलेलं असतं की. वेबसाइटवर कशाला?” तो म्हणाला. आमच्या साहेबांनी होकारार्थी मान हलवली.

“पाकिटावर मुंगीएवढ्या अक्षरात असतं, तेही इंग्रजीत,” भगवानराव म्हणाले. “मी पत्रकं छापली साहेब, बारीक अक्षर कशासाठी असतं ते मला बिलकुल ठाऊक आहे. मी काढणार न्हाई.”

ते जेवायला गेल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी मला धमकी दिली नाही, आमिषही दाखवलं नाही. नुसतं म्हणाले, “तुला जमेल ना?” मला जमत होतं. सक्तीची खूण काढली, रकाना पानावर दिसणार नाही अशी सोय केली. दोन मिनिटंही लागली नाहीत. जमलं याचा थोडा अभिमानसुद्धा वाटला, हे आज लिहिताना लाज वाटते.

भगवानरावांनी आल्या आल्या पान उघडून पाहिलं. “कुणी केलं?” मी स्क्रीनकडे बघत बसलो. साहेब आतून म्हणाले, “मी सांगितलं होतं.” भगवानरावांनी डबा पिशवीत टाकला, चष्म्याची डबी घेतली आणि जिना उतरून गेले. पुन्हा कामावर आले नाहीत.

दसऱ्याच्या सुमाराला पिंपळगाव रेणुकाईकडची एक बाई ऑफिसात आली. वेबसाइटच्या तळाशी आमचं नाव आणि पत्ता होता, म्हणून ती इथे पोहोचली होती. पावसाने ओढ दिली आणि तिच्या कपाशीची सगळी पातेगळ झाली होती, फुलं-कळ्या गळून गेल्या होत्या. पीक गेल्यावर दुकानदाराने तिला पाकिटाच्या कोपऱ्यातलं इंग्रजी वाचून दाखवलं होतं, ‘फक्त बागायतीसाठी’. तिने त्याच वाणाचं पान उघडलेला मोबाईल माझ्यापुढे धरला.

“माझ्या पोरीनं हे बघून बियाणं सांगितलं. ती बारावी शिकलीय. घरचे समदे तिलाच बोलून राह्यले, की तुला वाचता आलं न्हाई. तुम्ही दाखवा, यात कुठं लिव्हलंय?”

मी माझ्या संगणकावर तेच पान आतून उघडलं. रकाना फक्त झाकलेला होता, आतली माहिती पुसली गेली नव्हती. भगवानरावांची ओळ माझ्यासमोर जशीच्या तशी होती. टेबलाच्या पलीकडे ती बाई बसली होती, तिला स्क्रीनची पाठ दिसत होती.

“यात नाहीये लिहिलेलं,” मी म्हणालो. “कंपनीत विचारा.”

“मंग पोरीची चूक न्हाई ना?”

“नाही.”

तेवढ्यावर ती समाधानाने उठली. तेच मला सहन झालं नाही. रविवारी मी मंठ्याला गेलो. भगवानराव तहसीलजवळ ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान चालवत होते. मी सगळं सांगितलं. ते टाइप करायचे थांबले.

“तुमच्या स्क्रीनवर दिसत होतं. त्या बाईला दाखवलं का?”

मला त्यांनी कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं.

“नाही.”

“मंग मला कशाला सांगून राह्यलात?”

आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या म्हातारीला म्हणाले, “या मावशी, आधार कार्ड आणलं का?” मी बाजूला झालो. त्यांनी पुन्हा वर पाहिलं नाही.

ऑफिसात त्यांची खुर्ची आता माझ्याकडे आहे. बियाणे कंपनीची वेबसाइट मीच सांभाळतो. तो रकाना अजून झाकलेला आहे.