आत पॉलिश वाळतंय

चाचांनी कधी कुणाला ‘कसं काय, बरं आहे ना?’ असं विचारलेलं मी ऐकलं नाही. ते विचारायचे, “आज काय केलं?” मालक असो, वॉचमन असो, प्रश्न तोच. ‘काही नाही, नुसता बसलोय’ म्हणणाऱ्याला लगेच पुढचा प्रश्न यायचा, “बसून काय केलं?” शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीत ते पॅटर्नमेकर होते. लोखंड ओतण्याआधी वाळूत ज्याचा ठसा उमटवतात, तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. आयुष्यभर त्यांनी पटाशीनं आणि रंध्यानं हे नमुने घडवले होते. आवाज असा, की भट्टीच्या घरघरीतही शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा.

मी तिथं ड्रॉइंगच्या कामाला लागले, तेव्हा लग्न मोडून मंगळवार पेठेत आईवडिलांकडे परत आलेली होते. गल्लीत बायका थांबवून विचारायच्या, “परत कधी जाणार?” घरी आई माझ्यादेखत रडायची नाही, म्हणून मलाही तिच्यादेखत रडता यायचं नाही. उरलं कारखान्याचं स्टोअर. जुने पॅटर्न रचून ठेवलेल्या त्या खोलीत डब्याच्या सुट्टीत जाऊन मी रडत असे.

घटस्फोटाच्या कागदांवर सही करून आले, त्या दिवशी चाचा काहीतरी शोधत स्टोअरमध्ये आले आणि मी सापडले. मी घाईनं तोंड पुसू लागले. ते म्हणाले, “रडा की मॅडम. पण जेवून रडा. उपाशी रडलं की डोकं धरतंय.” माझा डबा आणून त्यांनी समोर ठेवला, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. मग त्यांचा तो आवाज ऐकू आला, “आत पॉलिश वाळतंय! कुणी जायचं न्हाय!” पुढचे कित्येक दिवस डब्याच्या सुट्टीत आमच्या स्टोअरमध्ये पॉलिश वाळत होतं. एवढं कसलं पॉलिश, असं कुणीही विचारलं नाही.

पावसाळ्यानंतर कारखान्यात नवं मशीन आलं. कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग दिलं, की ते आपोआप लाकूड कोरायचं. मालकांनी चाचांना बोलावून सांगितलं, “तुम्ही आता स्टोअर बघा. पगार तोच राहील.” चाचा ‘बरं’ म्हणाले. दोन दिवस ते आपली हत्यारं तेवढी पुसत बसले. इतका मोठा माणूस इतका लहान दिसू शकतो, हे मला पाहवेना. तिसऱ्या दिवशी ते शाळेची वही घेऊन माझ्या टेबलाशी आले. “मॅडम, हे तुमचं कसं चालतंय, दाखवा.”

रोज चार ते पाच आमची शिकवणी सुरू झाली. माऊस ते पटाशीसारखा दाबून धरत. पहिल्या आठवड्यात दोन मोडले. एकच गोष्ट दहादा विचारत. एकदा मी भडकले, “चाचा, कालच सांगितलं ना!” ते खूश होऊन म्हणाले, “आता कसं! आज आवाज निघाला बघा तुमचा.” मला हसू आलं. आपण हसलो, हे जरा वेळानं लक्षात आलं.

पण शिकवणी एकतर्फी नव्हती. माझ्या ड्रॉइंगवर बोट ठेवून ते म्हणत, “कागदावर बरोबर हाय, पण लोखंडाला विचारलं काय?” गार होताना लोखंड आकसतं, कुठल्या कोपऱ्यात किती, हे त्यांना हातानं ठाऊक होतं. ते ऐकत मी ड्रॉइंग दुरुस्त करायची, आणि मशीनवरची आमची कामं पहिल्या फटक्यात पास होऊ लागली. मालकांनी चाचांची खुर्ची स्टोअरमधून हलवून माझ्या शेजारी आणली. ‘मॅडम’चं ‘बाळ’ आणि ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते आठवत नाही.

रिटायर झाल्यावर ते गावी, गडहिंग्लजला गेले. आता ड्रॉइंगचा सगळा विभाग मी बघते. गेल्या हिवाळ्यात एसटीनं त्यांना भेटायला गेले. चाचींनी चहा देता देता सांगून टाकलं, “ह्यांना कुठं ते कॉम्प्युटर शिकायचं होतं! स्टोअरात गप बसणार होते. म्हणाले, त्या पोरीला शिकवायला लावलं पायजे, न्हायतर एकटी बसून आटून जाईल.”

मी चाचांकडे पाहिलं. “खोटं बोलत्या ही,” ते म्हणाले. “मला गरज होती, म्हणून शिकलो.” इतकी वर्षं मीही तेच समजत होते, की चाचांना मी सावरलं.

मी पाया पडायला वाकले. त्यांनी मधेच हात धरला, “आमच्यात तसं नसतंय, बाळ.” मग आतून एक जुना लॅपटॉप आणला. गावातल्या सुतारांना ते कपाटांची ड्रॉइंगं काढून देतात. एक उघडून त्यांनी माझ्यापुढे सरकवलं.

“ह्यात चूक काढ बघू.”

मी मोठं करून, कोपऱ्या-कोपऱ्यातून शोधलं. चाचा हाताची घडी घालून बघत होते. चहा गार झाला. एकही चूक नव्हती.