जिन्याला दोन कठडे

कॅनडातल्या डनरॉय गावात बर्फावरच्या हॉकीचा हंगाम मार्चमध्ये संपतो आणि हॉकीवरची चर्चा एप्रिलमध्ये सुरू होते. रिंकमधला बर्फ काढून खालचं सिमेंट उघडं पडलं की गावातल्या माणसांना खेळ नीट दिसू लागतो. कुणाला ठेवायचं, कुणाला दुसऱ्या गावाला देऊन त्याच्या बदल्यात कुणाला आणायचं, गोलमध्ये कोण उभा राहणार, हे प्रश्न पेट्रोल पंपावरच्या कॅफेत, खिडकीजवळच्या टेबलावर रोज सकाळी दहा वाजता सोडवले जातात. दुसऱ्या दिवशी दहा वाजता ते पुन्हा शिल्लक असतात.

या टेबलावर बसणारी एकमेव बाई म्हणजे वर्ना हावरिलुक. वय एकाहत्तर. गावच्या धान्य कोठारात तिने एकतीस वर्षं वजनकाटा सांभाळला. ट्रक काट्यावर चढताना फळ्या कशा वाजतात यावरून ती वजनाचा अंदाज करी आणि मग काटा पाहून तो बरोबर असल्याची खात्री करून घेई. नवरा नेस्टर अकरा वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ नाही. पण तिच्या तळघरातली खोली एकोणीस वर्षांत रिकामी राहिलेली नाही.

आमच्या बॅजर्स संघातली मुलं दूरदूरहून येतात आणि हंगामभर गावातल्या कुटुंबांत राहतात. वर्ना फक्त पहिल्या क्रमांकाचा गोलरक्षक घेते. इतरांना गोलरक्षक नको असतात. त्यांचं सामान जास्त असतं, त्या सामानाला वास जास्त असतो, आणि सामन्याच्या दिवशी ते जेवताना भिंतीकडे बघत बसतात. वर्नाला भिंतीकडे बघणाऱ्या माणसाची अडचण होत नाही. आतापर्यंत तिच्याकडे नऊ गोलरक्षक राहून गेले.

टेबलाचा एक नियम आहे. ज्याच्या घरी जो खेळाडू राहतो, त्याने त्या खेळाडूबद्दल टेबलावर बोलायचं नाही. १९९९ साली एका बाईंनी सहज सांगितलं होतं की त्यांच्याकडचा मुलगा आईला फोन करून रडतो. आठ दिवसांत संघाने त्याला देऊन टाकलं आणि तो मुलगा दूर अल्बर्टा प्रांतात खेळत होता. तेव्हापासून आपल्या घरच्या खेळाडूचा विषय निघाला की माणसाने आपला कप बशीत उपडा घालायचा आणि विषय बदलेपर्यंत तसाच ठेवायचा. टेबलावर अर्ध्याहून जास्त वेळ बोलणं गोलरक्षकाबद्दलच असतं. त्यामुळे एकोणीस वर्षांत वर्नाने कॉफी फार थोडी प्यायली आहे.

यंदाचा प्रश्न कोल्बी रायमरचा होता. कोल्बी मॅनिटोबातल्या बटाट्याच्या शेतावरचा, एकोणीस वर्षांचा, दोन हंगाम वर्नाच्या तळघरात राहिलेला. शंभर फटक्यांतले ब्याण्णव तो अडवी. पुढचा हंगाम या वयोगटातला त्याचा शेवटचा. आपल्या संघात बोलावणारी दोन विद्यापीठांची पत्रं त्याला आलेली होती. ब्रँडिस गावच्या संघाने त्याच्या बदल्यात एक सहा फूट चार इंची बचावपटू आणि एक बरा आघाडीचा खेळाडू देऊ केला होता. कोल्बी गेला तर गोलमध्ये सतरा वर्षांचा डेस व्रूम उभा राहणार होता. डेस मॉरिस सावचिनच्या घरी राही.

मॉरिसने पन्नास वर्षं शेती केली आहे आणि त्याला सगळे प्रश्न पिकासारखे दिसतात.

"कॅनोला कधी विकतोस?" तो लॉर्न बर्गस्ट्रॉमला म्हणाला. "भाव चढलेला असतो तेव्हा. कोल्बीचा भाव आज चढलेला आहे. पुढच्या मार्चमध्ये तो वीस वर्षांचा होऊन निघून जाईल आणि आपल्याला मिळेल काय? त्याचा फोटो."

लॉर्न ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. "मॉरिस, तू कॅनोला विकलास की शेत रिकामं पडतं. गोल रिकामा पडून चालत नाही."

"डेस आहे ना."

"कप," लॉर्न म्हणाला.

"मी फक्त नाव घेतलं."

"नाव घेणं म्हणजे बोलणंच. घाल कप."

मॉरिसने कप उपडा घातला. वर्नाचा आधीच घातलेला होता. मग लॉर्न एकटाच वीस मिनिटं बोलला, आणि बाकीच्या दोघांनी खिडकीतून पिकअप गाड्या मोजल्या.

लॉर्नला किंवा मॉरिसला माहीत नसलेली एक गोष्ट वर्नाला माहीत होती. तिच्या तळघराच्या जिन्याला तेरा पायऱ्या आहेत. पहिल्या वर्षी कोल्बी त्या सहा उड्यांत उतरे. तेरावी पायरी शेवटी एकटी वाजे. जानेवारीपासून तेरा आवाज येऊ लागले. मग सव्वीस, म्हणजे प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय. उजवा आधी खाली, मग डावा त्याच्याशेजारी. वर्नाने त्याला काही विचारलं नाही. तिने सुतार बोलावला आणि जिन्याच्या दुसऱ्या बाजूलाही कठडा बसवून घेतला. कोल्बीनेही काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो दोन्ही कठडे धरून उतरू लागला.

गोलरक्षक दर फटक्याला गुडघे आत वळवून बर्फावर आदळतो. दिवसाला दीडशे वेळा. काहींचा खुबा ते सोसतो, काहींचा झिजतो. झिजलेल्या खुब्यावर आणखी एक हंगाम काढला तर पुढे काय होतं, हे पाहायला डनरॉयच्या माणसाला लांब जावं लागत नाही. संघाचा मॅनेजर गार्थ एल्व्हर जुना गोलरक्षक. एक्केचाळिसाव्या वर्षी त्याचा उजवा खुबा बदलला, आणि आजही तो गाडीतून उतरताना आधी दोन्ही पाय बाहेर काढतो आणि मग थोडा वेळ विचार करतो.

मे महिन्यात वर्नाने मॅनिटोबाला फोन केला.

"खुबा कसा आहे?"

"कोणता?" कोल्बी म्हणाला.

"उजवा. डाव्याबद्दल मी काही ऐकलेलं नाही."

मागे ट्रॅक्टर चालू होता. "ऑगस्टपर्यंत बरा होईल, काकू."

"डॉक्टर म्हणाले?"

"डॉक्टरांना दाखवलं नाही."

"वडिलांना सांगितलंस?"

"बटाटे लावायचं चाललंय."

"म्हणजे नाही."

"काकू, विद्यापीठवाल्यांना कळलं ना, तर संपलं सगळं. तुम्ही कुणाला सांगू नका."

"टेबलावर मी बोलणार नाही," वर्ना म्हणाली.

तो थँक्यू म्हणाला. एवढ्याने त्याचं समाधान झालेलं दिसलं.

तो डनरॉयमध्ये राहिला काय किंवा ब्रँडिसला गेला काय, सप्टेंबरात बर्फावर उतरणार होता, हे वर्नाला स्पष्ट दिसत होतं. टेबलावर बोललं तर जेवणाच्या वेळेपर्यंत साऱ्या प्रांताला कळलं असतं. न बोललं तर एक खुबा जाणार होता. तिने पंधरा दिवस कप उपडा ठेवला.

जूनच्या दुसऱ्या गुरुवारी गार्थ स्वतः टेबलावर आला. त्याने रूबार्बच्या आंबट देठांचा 'पाय' हा गोड पदार्थ मागवला आणि म्हणाला, "ब्रँडिसला उद्या दुपारपर्यंत उत्तर द्यायचंय. बोला."

"दे," मॉरिस म्हणाला.

"देऊ नकोस," लॉर्न म्हणाला. "त्या बचावपटूला मी पाहिलाय. वळायला त्याला नांगर जोडलेल्या ट्रॅक्टरएवढी जागा लागते."

"आणि तुझ्या कोल्बीने शेवटच्या चार सामन्यांत गोल खाल्ले किती?"

"सतरा. पण पुढे उभे कोण होते? कुंपणाचे खांब."

"सतरा ते सतराच."

"मॉरिस, तुला डेसला पहिला करायचाय, म्हणजे सामन्यांचे पास तुला फुकट मिळतील. हे साऱ्या टेबलाला माहीत आहे."

"मला पास असतात. मी रिंकच्या छपराच्या डागडुजीला होतो."

"२००३ साली."

"छप्पर अजून आहे ना?"

गार्थ वर्नाकडे वळला. "काकू, नियम मला ठाऊक आहे. पण दोन वर्षं तो तुमच्याकडे आहे. एक शब्द. ठेवू की देऊ?"

मॉरिस आणि लॉर्नही तिच्याकडे वळले. वर्नाने उपड्या कपाला हात लावला नाही.

"माझा जुना फ्रीझर तळघरातून वर आणायचाय," ती म्हणाली. "तुम्हाला वेळ आहे का?"

"काकू, मी काय विचारतोय आणि तुम्ही काय—"

"ऐंशी किलोच्या आत आहे. दुपारी या."

मॉरिस नंतर म्हणाला की वर्नाचं वय दिसायला लागलं.

गार्थ तीन वाजता आला. वर्ना जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली आणि त्याला पुढे जाऊ दिलं. त्याने उजवा पाय आधी टाकला, मग डावा त्याच्याशेजारी. हात आपोआप दोन्ही बाजूंना गेले आणि दोन्ही बाजूंना कठडा सापडला. चौथ्या पायरीवर तो थांबला.

"हा दुसरा कधी बसवलात?"

"फेब्रुवारीत."

"तुमच्यासाठी?"

"मला एक पुरतो."

गार्थने नव्या कठड्यावरून अंगठा फिरवला. सुताराने लावलेलं पॉलिश मधल्या भागात, जिथे वजन टाकतात तिथे, पांढुरकं झालं होतं. उरलेल्या नऊ पायऱ्या तो सावकाश उतरला. खाली फ्रीझर होता, पण त्याने तिकडे पाहिलं नाही. तो कोल्बीच्या पलंगाच्या कडेला बसला.

"माझ्या घरी एकच होता," तो म्हणाला. "मी भिंतीला धरून उतरायचो. आईला वाटायचं मी भिंत मळवतो."

"मी काही बोललेले नाही," वर्ना म्हणाली.

"नाही, काकू. तुम्ही फ्रीझरसाठी बोलावलंत."

"फ्रीझर खरंच वर न्यायचाय."

"उद्या दोन मुलं पाठवतो." तो उठला. उठायला त्याला थोडा वेळ लागला. "ह्या पोराला असं ब्रँडिसला पाठवता येत नाही. तिथला मॅनेजर माझ्या बायकोचा भाऊ. थँक्सगिव्हिंगच्या सणाला तो जेवायला माझ्या समोर बसतो."

शुक्रवारी दुपारी गार्थने ब्रँडिसला नकार कळवला. कारण कुणाला दिलं नाही. सोमवारी तो मॅनिटोबाला गाडी घेऊन गेला आणि कोल्बीच्या वडिलांसोबत बटाट्याच्या शेताच्या बांधावर दोन तास उभा राहिला. जुलैमध्ये सास्काटून शहरात कोल्बीच्या खुब्यावर शस्त्रक्रिया झाली. संघाचं सराव शिबिर सुरू होईपर्यंत ही गोष्ट बाहेर जाऊ नये अशी घरच्यांची इच्छा होती, आणि ती गेली नाही.

टेबलाला एवढंच माहीत होतं की गुरुवारी गार्थ वर्नाच्या घरी गेला आणि शुक्रवारी सौदा फिसकटला.

"रडलीस का त्याच्यासमोर?" मॉरिसने विचारलं.

वर्नाचा कप उपडा होता.

"एकोणीस वर्षं पाळलेला नियम," मॉरिस लॉर्नला म्हणाला. "आणि मोडला कशासाठी, तर तळघरात कुणी तरी असावं म्हणून. सहा फूट चार इंच गेला आपल्या हातचा."

"जाऊ दे ना," लॉर्न म्हणाला. त्याला सौदा नकोच होता, पण तो अशा रीतीने टळला हे त्यालाही आवडलेलं नव्हतं. "बाईमाणसाला वाटतं कधी कधी."

हे जून, जुलै आणि ऑगस्टभर चाललं. वर्ना रोज दहाला येत होती आणि साडेअकराला जात होती.

सप्टेंबरात संघाने पत्रक काढलं: शरीराच्या खालच्या भागातील दुखापतीमुळे कोल्बी रायमर या हंगामात खेळणार नाही. आमच्याकडे दुखापती शरीराच्या वरच्या भागात होतात किंवा खालच्या. अधिक तपशील देण्याची पद्धत नाही. त्या दिवशी मॉरिस पावणेदहालाच येऊन बसला होता.

"बघ," वर्ना बसण्याआधीच तो म्हणाला. "जूनमध्ये दिला असता तर ही दुखापत ब्रँडिसला झाली असती."

लॉर्नने यावर विचार केला. "ते खरं आहे," तो म्हणाला.

बाजूच्या टेबलावर गार्थ होता. त्याने रूबार्ब पायचा तुकडा काट्याने चार भागांत कापला आणि कुणाकडेही न पाहता खाल्ला. जाताना त्याने वर्नाच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला. मॉरिसला त्यात आणखी पुरावा दिसला.

कोल्बीने वर्नाशी उन्हाळाभर बोलणं टाकलं होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याचा फोन आला. त्याचे जुने पॅड तळघरात राहिलेत का, असं त्याने विचारलं. राहिलेत, ती म्हणाली. वास येतो का? येतो. मग त्याने सांगितलं की एका विद्यापीठाने पुढच्या वर्षापर्यंत थांबायची तयारी दाखवली आहे, दुसऱ्याने नाही. आणि घरच्या जिन्यावरून आता तो एकाच हाताने कठडा धरून उतरतो.

"कोणत्या?" तिने विचारलं.

"डाव्या."

"ठीक आहे."

गार्थने डेसला तिच्याकडे हलवायची तयारी दाखवली, कारण आता तो पहिल्या क्रमांकाचा होता. वर्ना नको म्हणाली. तो मॉरिसकडे रुळला आहे, मॉरिसच्या बायकोच्या पेरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, त्याला मानवतात, हंगामाच्या तोंडावर मुलाचं घर बदलू नये. गार्थला हे पटलं. तळघरातली खोली एकोणीस वर्षांत पहिल्यांदा रिकामी राहिली.

हंगामाचा पहिला सामना बॅजर्स ब्रँडिसविरुद्ध सात-एकने हरले. त्या सहा फूट चार इंची बचावपटूने दोन गोल केले. दुसऱ्या दिवशी दहा वाजता टेबल भरलं. कॉफी आली. मॉरिसच्या तोंडावर रात्रीपासून साठवलेलं दिसत होतं.

"सात," तो म्हणाला. "मी जूनमध्ये काय सांगत होतो? गोलरक्षकाचा—"

"मॉरिस," वर्ना म्हणाली. "कप."

मॉरिसने तिच्याकडे पाहिलं, मग लॉर्नकडे. लॉर्नने मान हलवली. डेस व्रूम मॉरिसच्या घरी राहत होता, याबद्दल टेबलावर दुमत नव्हतं. मॉरिसने भरलेल्या कपाकडे पाहिलं, तो घाईने अर्धा रिकामा केला, जीभ भाजून घेतली आणि कप उपडा घातला. उरलेली कॉफी बशीत पसरली.

वर्नाने आपला कप सरळच ठेवला. त्यात दूध घातलं, ढवळलं, एक घोट घेतला.

"डेस डावीकडे लवकर गुडघ्यांवर बसतो," ती म्हणाली. "फटका निघायच्या आधी. काल सातांतले चार डावीकडून त्याच्या वरून गेले. आणि रबरी चकती गोलच्या जाळीमागे असली की तो चुकीच्या खांबाला चिकटतो. पण त्याचा हातमोजा चांगला आहे. माझ्याकडे २०११ ला होता त्याच्याहून चांगला."

"२०११ चा कोण?" लॉर्नने विचारलं.

"सांगते," वर्ना म्हणाली. "पण २००६ पासून सुरुवात करावी लागेल."

साडेअकरा वाजले तेव्हा ती तिसऱ्या गोलरक्षकापर्यंत आली होती. लॉर्नने आणखी एक कॉफी मागवली. मॉरिस खिडकीतून पिकअप मोजत होता.