स्वयंपाकघर नसलेली खोली

"पोळ्यांची चिंता नाई," मोठे बाबा बाहेरच्या खोलीत म्हणाले. "पोट्टीची माय आहे ना सोबत."

बाबा हसले. ते हसतात तेव्हा होकार दिला की नुसतंच हसले, हे कधी कळत नाही. मी पाण्याच्या ग्लासांचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि माझ्या मागे आई कणीक मळत होती. तिनं ऐकलं हे मला तिच्या हातांवरून कळलं, कारण ते थांबले नाहीत. एरवी बाहेर कुणी काही बोललं की आई हात थांबवून कान देते.

मार्चमधला रविवार होता. मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. ते आणि मोठी आई सकाळीच चंद्रपूरहून आलापल्लीला आमच्याकडे आले होते. दुसऱ्या दिवशी बाबा जपानच्या व्हिसाचे कागद घेऊन नागपूरच्या एजंटकडे जाणार होते. त्या कागदांत कोणत्या रात्री कुठे राहणार ते लिहून द्यावं लागतं. म्हणजे आज जे ठरेल ते ठरलं.

सहल मुळात माझी कल्पना. मी घरी बसून एका कंपनीचं काम करते. बहुतेक बोलणं टाईप करूनच होतं, म्हणून ही नोकरी मला मानवते. साठलेल्या रजेत आई-बाबांना कुठेतरी लांब न्यायचं माझ्या मनात होतं. बाबांची सगळी नोकरी सागवानाच्या डेपोत गेली. जपानी लोक लाकडाची घरं शेकडो वर्षं कशी टिकवतात याचं त्यांना फार कुतूहल, म्हणून जपान. मग मोठ्या बाबांना कळलं. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत. बुद्धाच्या देशात आपण जायलाच पाहिजे, असं ते फोनवर म्हणाले आणि आम्ही तिघांचे पाच झालो.

त्यांची अट एकच होती. जिथे मुक्काम, तिथल्या खोलीत स्वयंपाकघर हवं. त्यांना साखर आहे आणि डॉक्टरांनी भात बंद केलेला आहे. जपानात नुसता भातच खातात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. अट खोटी नव्हती, म्हणून मी ती पाळली. टोकियोत तशी खोली मिळाली, क्योतोत मिळाली, ओसाकातही मिळाली.

एका ठिकाणी मिळाली नाही. मिळणार नव्हतीच. ते मला पहिल्यापासून माहीत होतं आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

हिवाळ्यात एकदा आई माझ्याजवळ बसून लाखोळीची डाळ निवडत होती. माझ्या लॅपटॉपवर डोंगरातल्या एका गावाचा फोटो होता. खाचरांत पाणी भरलेलं आणि त्या पाण्यात डोंगर उलटा पडलेला. आई वाकून पाहायला लागली.

"हे तर बांधी आहे," ती म्हणाली. "तिकडं रोवणा कधी असते?"

बांधी म्हणजे धानाचं खाचर आणि रोवणा म्हणजे धानाची लावणी. आई आरमोरीकडची. लग्नापर्यंत दरवर्षी चिखलात वाकून तिनं रोवणा केलेला. मी शोधून सांगितलं की त्या डोंगरात मेच्या शेवटी असतो.

"मले तो पाह्यचा आहे," आई म्हणाली आणि पुन्हा डाळीतले खडे काढू लागली.

सगळ्या सहलीत तिनं एवढंच मागितलं. मी सगळ्या तारखा मेच्या शेवटाकडे सरकवल्या. बाबांनी विचारलं तेव्हा तिकीट स्वस्त आहे म्हणून सांगितलं. त्या गावात हॉटेल नाही. एक म्हातारं जोडपं आपल्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतं. सकाळ-संध्याकाळचं जेवण घरची बाई करते आणि तिच्या स्वयंपाकघरात पाहुण्यांनी जायचं नाही, असा नियम आहे. तो नियम वाचून मी कितीतरी वेळ स्क्रीनकडे बघत बसले होते.

कारण मला बोधगया आठवत होतं. मी आठवीत असताना विहारातल्या लोकांनी मिळून एक बस केली होती. मागच्या सीटवर तांदळाची पोती, खाली स्वयंपाकाचे मोठाले गंज, टपावर सिलिंडर. आमच्याकडचे लोक असेच जातात. जिथे बस थांबेल तिथे शेगडी पेटते, पंगत बसते, गाणी होतात. त्यात मजा असते, हे मी नाकारत नाही. बायकांनी पाळीपाळीनं स्वयंपाक करायचा असं निघताना ठरलं होतं. पण आईचा हात भरभर चालतो आणि ती घरातली धाकटी सून. तिची पाळी आली ती गेलीच नाही. परत आल्यावर शेजारच्या बाईंनी विचारलं, कसं होतं गया? आई म्हणाली, "पाणी चांगलं आहे तिथलं. डाळ लवकर शिजते." सगळे हसले. आईही हसली.

"ये ओ इंग्रजीवाली," मोठ्या बाबांनी हाक मारली. "वाच तुझा प्रोग्राम."

मी ट्रे ठेवला आणि लॅपटॉप घेऊन त्यांच्यासमोर बसले.

मी शाळेची बरीच वर्षं त्यांच्याच घरी राहून काढली. पोरगी शिकेल तर इंग्रजी मीडियममध्येच, असं त्यांनी बाबांना ठणकावून सांगितलं होतं आणि मला चंद्रपूरला नेलं होतं. माझ्या डब्यात कधी काही कमी पडलं नाही. फक्त पाहुणे आले की ते मला बोलवायचे आणि इंग्रजी पेपर मोठ्यानं वाचायला लावायचे. मी न अडखळता वाचायची. मग पाहुणे कौतुकानं काहीतरी विचारायचे आणि माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. मोठे बाबा म्हणायचे, "वाचते फर्राट्यानं, पण बोलाले तोंड नाई हिले." आजही त्यांच्यासमोर बसलं की माझ्या जिभेला तीच शाळा आठवते.

"टोकियो," मी वाचलं.

"किचन?"

"आहे."

"क्योतो," मी पुढे वाचलं.

"किचन?"

"आहे. इथूनच एक दिवस नाराला जायचं. मोठा बुद्ध."

मोठ्या बाबांनी बसल्या जागी हात जोडले. मोठ्या आईनंही जोडले. मी पुढची ओळ पाहिली आणि आधी मनातल्या मनात वाचून घेतली.

"मग डोंगरातलं एक गाव. दोन रात्री."

"किचन?"

"जेवण तेच देतात."

"मी किचन इचारलं."

"नाही."

"काऊन?"

"ते घर आहे त्यांचं. घरची बाई करते."

"काय करते? भातच ना?"

"अन् मासोळी," मोठी आई म्हणाली. "कच्ची."

"बाप्पा!" बाबा म्हणाले.

"बरं, तिथी पाह्याले काय आहे? विहार आहे? मूर्ती?"

"शेतं आहेत," मी म्हणाले.

रोवणा आहे म्हणायला हवं होतं. आईला पाहायचा आहे म्हणायला हवं होतं. पण आई तेव्हा दाराशी येऊन उभी राहिली होती, डोक्यावर पदर घेऊन. मोठे बाबा तिचे भासरे. आमच्याकडे धाकट्याची बायको भासऱ्यांशी सरळ बोलत नाही, त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नाही. विहारात समतेवर बोलायला मोठ्या बाबांनाच बोलावतात आणि ते चांगलं बोलतात, पण ही रीत कुणी मोडलेली नाही. मी तिचं नाव घेतलं असतं तर सगळ्यांच्या नजरा दाराकडे वळल्या असत्या आणि तिला उत्तर देता आलं नसतं.

"शेतं!" मोठे बाबा मांडीवर हात मारून हसले. "धान पाह्याले जपानात? तुले आरमोरीचं एसटीचं तिकीट काढून देतो मी. बांधीवर बसून पाहजो दिवसभर."

सगळे हसले. विनोद चांगला होता, हीच पंचाईत होती.

मी त्या घराला आधीच लिहिलं होतं. पाहुण्यांना साखर आहे, भात चालत नाही, असं कळवल्यावर त्यांनी कुट्टूच्या पिठाच्या शेवया करून देऊ म्हणून उत्तर पाठवलं होतं. ते मी सांगायला लागले. आवाज इतका खाली गेला की मोठ्या आईनं विचारलं, "काय म्हणते?"

"काई नाई म्हणते," बाबा म्हणाले.

"काटून टाक ते गाव," मोठे बाबा म्हणाले. "ओसाकात दोन रात्री वाढव. तिथी किचन असनच."

"भाऊ म्हणतात तसं करून टाक, बेटा," बाबा म्हणाले. "उद्या सकाळी निघाचं आहे मले."

आई माझ्याकडे न बघता मोठ्या आईला म्हणाली, "बाई, पोळ्या मी करून देतो ना. कुठी का असेना." आणि आत गेली.

लॅपटॉपवर त्या गावाची ओळ निळी करून ठेवलेली होती. एक बटण दाबलं की गेली. मी चार्जर आणते म्हणाले आणि उठले. चार्जर खरं तर तिथेच, बाहेरच्या खोलीत, माझ्या पिशवीत होता.

आत तवा तापला होता. आईनं लाटणं बाजूला ठेवलं आणि पिठाचे हात पदराला पुसले.

"तिकडची शेगडी दाखव बरं मले," ती म्हणाली. "मोबाइलमध्ये असन ना?"

मी ओसाकातल्या खोलीचा फोटो काढून मोठा केला. काळी काच, तिच्यावर दोन गोल आणि पुढे बटणं. बटणांवर जपानी अक्षरं.

"जाळ कुठी आहे?"

"जाळ नसतो. ठेवलेलं भांडंच तापतं."

"मंग फुलका कसा फुगन?"

ती खरंच विचारात पडली होती. फोटो हातात धरून ती मनातल्या मनात पोळी उलटत होती, हे मला दिसत होतं. "तव्यावरच फडक्यानं दाबून फुगवा लागन," ती म्हणाली. "तुझ्या मोठ्या बाबाइले कडक पोळी चावत नाई. आपला तवा नेऊ. चालन का त्या काचेवर?"

"माहीत नाही."

"पाहून ठेवजो. अन् हे बटनं मले मराठीत लिहून देजो, कोनतं कशाचं आहे ते. तू झोपून राह्यली सकाळी, तं मी कोनाले इचारू?"

त्या फोटोत बटणांच्या वर एक खिडकी होती. खिडकीत समोरच्या इमारतीची भिंत. आईनं खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं फोन परत दिला आणि पुढचा गोळा घेतला.

"आई, तुला गावात जायचं होतं ना?"

"होतं."

"मग?"

"मंग काय? आपल्यापायी त्याइचं खानं बिघडवाचं का? म्हाताऱ्या मानसाची शुगर वाढली तं?" पोळी तव्यावर पडली. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "तू बाहेर काई बोलू नको. तू बोलशीन अन् बोल मले लागन. मायनंच शिकवलं म्हनतीन."

ते खरं होतं. मी गप्प राहिले तर आई ओसाकातल्या त्या भिंतीसमोर उभी राहणार होती. बोलले तर या घरात, या लोकांसमोर, तिच्यावर आळ येणार होता, आणि तो तिला पुढची कितीतरी वर्षं दाराशी उभं राहून ऐकावा लागणार होता. तव्यावरची पोळी तिनं चिमट्यानं उचलली, जाळावर धरली. ती टम्म फुगली. आईनं तिच्याकडे जरा समाधानानं पाहिलं.

"काटलं का गं?" बाहेरून मोठ्या बाबांचा आवाज आला.

मी बाहेर गेले. बाबा ताटं मांडत होते. मोठी आई कांदा चिरत होती. मोठे बाबा मांडी घालून बसले होते आणि माझ्याकडे पाहत होते, पाहुण्यांसमोर मला पेपर द्यायचे तेव्हा पाहायचे तसे, अभिमानानंच. मी लॅपटॉप उचलला. गावाची ओळ अजून निळी होती. मी तो मिटून छातीशी धरला. आत लाटण्याचा आवाज बंद झाला होता. आई कान देऊन उभी असणार. मी बसले नाही.

"नाही काटलं," मी म्हणाले.

बाबांच्या हातातलं ताट तिथेच राहिलं.

"काय म्हणते?" मोठ्या आईनं विचारलं. या वेळी बाबांनी माझ्या वतीनं काही सांगितलं नाही.

"गाव राहील," मी म्हणाले. आवाज फाटला, पण थांबला नाही. "तुम्हाला तिथलं जेवण नको असेल, तर मोठे बाबा, तुम्ही आणि मोठी आई त्या दोन रात्री ओसाकात राहा. मी आईला घेऊन गावात जाईन. बाबांना जिथे यायचं तिथे त्यांनी यावं. आणि बाकी दिवस तुमच्या पोळ्या मी लाटेन. माझ्या जाड होतात, पण मीच लाटेन. आई जपानात स्वयंपाक करणार नाही. हे तिनं शिकवलेलं नाही. मी सांगते आहे."