काट्यावरचे पंचेचाळीस किलो

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. जेवण झाल्यावर पाच-दहा मिनिटं वाचायचं, बायकोला एखादा वाचून दाखवायचा, हसायचं आणि झोपायचं. माझा धंदाच असा आहे की दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही, मोजून जे येतं ते धरायचं. त्यामुळे माझ्यावरच इथे लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. सगळ्यांची नावं बदलली आहेत. बाकी जे घडलं ते तसंच लिहितोय.

मी साताऱ्याचा. जुन्या गाड्यांची किंमत ठरवून देणं हे माझं काम. आधी ट्रक, टेम्पो, जेसीबी करायचो. गेल्या काही वर्षांत लोकांनी हौसेनं मोटरहोम बांधून घेतल्या... आत पलंग, किचन, संडास-बाथरूम, एसी, वर सोलर. चाकांवरचा फ्लॅटच म्हणा. चार-पाच वर्षांत हौस फिटते आणि मग त्या विकायला निघतात. त्यांची पारख करणारे आमच्या भागात फार नाहीत, म्हणून मला बोलावणं येतं. या गाड्यांना वरून पॉलिश मारलेलं असतं, त्याला भुलायचं नाही. छतातून पाणी झिरपलंय का, भिंतींत ओल आहे का, आतल्या बॅटऱ्या किती दमल्यात, आरसी बुकावर नोंद बरोबर आहे का, हे बघायचं. आणि शेवटी वजन. लोक हौसेनं आत काय काय बसवतात आणि बुकावरचं वजन एक, प्रत्यक्षातलं भलतंच, असं निघतं. म्हणून वजनकाट्यावर नेल्याशिवाय मी रिपोर्टवर सही करत नाही.

गेल्या उन्हाळ्यात कोयनानगरकडे पर्यटकांसाठी तंबू-बिंबू लावणाऱ्या एका बाईंनी मला काम दिलं. सांगलीत एक मोटरहोम बघून ठेवली होती, किंमत बरोबर आहे का ते सांगा म्हणाल्या.

गाडी होती भूपाल आण्णांची. हळदीचे व्यापारी, वय सत्तरच्या पुढे. पांढरा पायजमा-शर्ट, डोक्यावर टोपी, अंगानं एकदम सडसडीत. त्यांचा मुलगा महावीर मला गोडाऊनच्या शेडमध्ये घेऊन गेला. जाताना हळू आवाजात म्हणाला, "साहेब, लवकर उरका. आण्णा विकायला तिसऱ्यांदा तयार झालेत. दोन गिऱ्हाइकं त्यांनी ऐनवेळी परत पाठवलीत."

"का?"

"आई गेल्यापासनं रोज दुपारी त्या गाडीत जाऊन बसत्यात. तीन-तीन तास. घरात बोलत न्हाईत, जेवन निम्मं. डॉक्टर म्हनाले, ही गाडी डोळ्यासमोरनं हालवा आधी."

त्याची आई म्हणजे त्रिशलाकाकू. दोघा नवरा-बायकोंनी ही गाडी तीर्थयात्रेसाठी बांधून घेतली होती. तीन वर्षं फिरले. मग काकूंचं दुखणं निघालं आणि वर्षाच्या आत त्या गेल्या.

गाडी अप्रतिम ठेवली होती. मी ओल मोजायचं यंत्र सगळ्या भिंतींना लावलं, छताचे कोपरे बघितले, कुठे थेंबभर पाणी नाही. काम चालू असताना आण्णा आत येऊन जेवणाच्या छोट्या टेबलापाशी बसले. समोरासमोर दोन बाकं होती. ते बसले ते मागे तोंड करून, म्हणजे गाडी चालताना उलटं बसायला लागेल असं.

मी सहज म्हणालो, "आण्णा, तिकडं सुलटं बसा की."

"ती जागा मंडळींची. तिला उलटं बसलं की मळमळायचं." मग थोडं थांबून म्हणाले, "साहेब, तुम्ही शिकलेले. एक इचारू? आमच्या जैनांत आत्मा मागं थांबत न्हाई म्हंत्यात. गेला की लगेच दुसरा जन्म. महाराजांना इचारलं, तेबी तसंच म्हनाले. मला पटतंय ते. पन हितं बसलो की मला एकटं वाटत न्हाई... ती हितंच हाय. गाडी दिली तर ती परक्याच्या दारात जायची. ते कसं करू मी?"

मी मान हलवली आणि बॅटरीचा कप्पा उघडून बघायला लागलो. म्हाताऱ्या माणसाचं एकटेपण, एवढंच माझ्या मनात आलं.

वजनासाठी आष्टा रोडच्या बाजूला एक काटा आहे तिथे गेलो. उसाचा सीझन संपलेला, त्यामुळे काटा मोकळा. दुपारचे साडेबारा. ऊन असं की जमिनीवर सावलीसुद्धा धड पडत नव्हती, आणि वारा अजिबात नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण वाऱ्यानं काटा हलतो असं पुढे कोणीतरी म्हणेलच. गाडी मी एकट्यानं चालवत नेली. आण्णा आणि महावीर मागून त्यांच्या कारमधून आले. पाण्याच्या टाक्या मी आधीच रिकाम्या केल्या होत्या.

काटेवाला सर्जेराव म्हणून चाळिशीतला माणूस. केबिनमध्ये त्याचा कॉम्प्युटर आणि बाहेर खांबावर लाल आकड्यांचा मोठा बोर्ड. काटा पाच किलोच्या टप्प्यात आकडा दाखवतो. गाडी मधोमध उभी केली, इंजिन बंद, मी खाली उतरलो. बोर्डवर आकडा आला — ४३८५. बुकावर होतं ४३८०. याहून बरोबर गाडी शोधून सापडणार नाही. मला बरंच वाटलं. सर्जेरावनं पावती काढली.

तेवढ्यात आण्णा कारमधून उतरले आणि म्हणाले, "परत जाताना मी हिच्यातनंच येतो. शेवटचं." मी काही म्हणायच्या आत ते बाजूच्या दारानं चढून आत गेलेसुद्धा.

सर्जेराव केबिनच्या खिडकीतून ओरडला, "आवं, दोघं कशाला चढलायसा? वजन झालं न्हवं?"

मी म्हणालो, "दोघं कुठं? आण्णा एकटेच आहेत."

"मग हे बगा."

बोर्डवर ४४९५. म्हणजे एकशे दहा किलो जास्त. आण्णांकडे बघून कोणीही सांगेल की हा माणूस पासष्टच्या वर नाही. महावीर कारपाशी फोनवर बोलत होता. मी काट्याच्या बाहेर होतो. मी दारातून आत डोकावलो. आण्णा टेबलापाशी, आपल्या उलट्या जागेवर, हात मांडीवर ठेवून बसलेले. समोरची जागा रिकामी. पिशवी नाही, काही नाही.

काटा अडकला असेल म्हणून मी त्यांना खाली यायला सांगितलं आणि बोर्डकडे बघत उभा राहिलो.

आण्णा उतरले. काट्यावरून खाली, सिमेंटच्या कडेला आले. आकडा ४४३० वर येऊन थांबला.

बघा... आधी ४३८५ होता. आण्णांचे पासष्ट गेले. पंचेचाळीस राहिले. आत कोणी नाही, दार उघडं, आणि आकडा स्थिर. बिघडलेल्या काट्याचा आकडा थरथरतो, हा हलतसुद्धा नव्हता. मी मनात सेकंद मोजत होतो, सात का आठ झाले असतील.

आण्णा बोर्डकडे बघत नव्हते. त्यांना यातलं काही माहीतच नव्हतं. ते वळले आणि त्यांनी दाराकडे हात पुढे केला. कोणाला उतरताना आधार द्यायला करतो तसा, तळवा वर. अगदी सवयीनं, त्यांच्याही लक्षात आलं नसावं. दारातली दुमडणारी पायरी करकरली. ती माणसाचा पाय पडला की करकरते, सकाळपासून मी वीस वेळा ऐकली होती. आण्णांचा हात किंचित खाली दबला.

आणि आकडा ४३८५ झाला.

सर्जेराव केबिनमधून बाहेर आला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मग तो म्हणाला, "माझा काटा चुकीचा हाय म्हनू नगा. मी चढतो." तो आत जाऊन बसला. ४४६५. तो उतरला, आकडा एका दमात ४३८५. आमची गडबड बघून महावीर फोन ठेवून आला, काय झालं विचारायला लागला. त्यालाही चढवलं. नव्वद किलो वाढले, उतरल्यावर नव्वद कमी झाले, तेही एका दमात.

"आण्णा, एकदा परत बसता का?" मी विचारलं.

आण्णा चढले. ४४९५. उतरले. ४४३०. या वेळी त्यांनी हात पुढे केला नाही, नुसते उभे राहिले. आकडा जास्त वेळ थांबला. मग पायरी करकरली आणि ४३८५.

सर्जेरावनं प्रत्येक वेळी पावती काढली होती.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी आण्णांना जे दिसलं ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "जास्तीचं किती भरतंय?"

"पंचेचाळीस किलो. काटा पाचाच्या टप्प्यात दाखवतो, एखादा किलो इकडं-तिकडं."

बोलला तो महावीर. सकाळपासून लवकर उरका म्हणणारा तो माणूस, पाठ करून उभा राहिला होता. तसाच म्हणाला, "दवाखान्यात आईचं शेवटचं वजन केलं तवा चव्वेचाळीस भरलं होतं. मीच उचलून उभी केली होती काट्यावर."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. आण्णा टोपी काढून रुमालानं कपाळ पुसत होते. मग त्यांनी मला विचारलं, "साहेब, पयल्यांदा तुमी एकटं गाडी आनली, वजन केलं. तवा मी न्हवतो आत."

"नव्हता."

"तवा किती भरली?"

"बुकात आहे तेवढीच. पाच किलोचा फरक."

"म्हंजे मोकळीच होती?"

"मोकळीच होती."

"हे दोघं चढले तवाबी?"

"तेव्हाही त्यांचंच वजन वाढलं. बाकी काही नाही."

ते गाडीकडे बघत राहिले. मी त्या चेहऱ्याचं वर्णन करू शकणार नाही. दुःख म्हणावं तर तसं नव्हतं. "मला वाटायचं ती गाडीत ऱ्हायली," ते म्हणाले. "रोज जायचो, ती एकटी बसली असंल म्हनून. गाडीत न्हवतीच व्हय ती..." आणि मग महावीरकडे वळून अगदी व्यवहारी आवाजात म्हणाले, "देऊन टाक गाडी. काय अडचन न्हाई आता."

परत जाताना ते मोटरहोममध्ये चढले नाहीत. मुलाच्या कारमध्ये मागच्या सीटवर बसले, खिडकीकडे सरकून, शेजारी जागा ठेवून.

मी रिपोर्टमध्ये वजन ४३८५ लिहिलं. बाकी काय लिहिणार? कोयनानगरच्या बाईंनी गाडी घेतली. ताबा घेताना त्यांनी शिरवळजवळच्या एका काट्यावर पुन्हा वजन केलं, तेवढंच भरलं. गाडी आता मजेत कोयनेच्या बाजूला फिरतेय. पर्यटक राहतात, एकाचीही तक्रार नाही.

मी मात्र हे प्रकरण सोडलं नाही. काटे दुरुस्त करणारा एक ओळखीचा माणूस आहे, त्याला सर्जेरावकडे घेऊन गेलो. त्यानं खालचे सेन्सर, वायरी, सगळं तपासलं. म्हणाला, काटा बिघडला तर सगळ्यांसाठी बिघडेल, एका माणसापुरता नाही. आणि वजन उतरताना असं दोन टप्प्यांत, मध्ये थांबून, उतरण्यासारखा बिघाड त्यानं पंचवीस वर्षांत बघितला नाही. मी पावत्या दाखवल्या. त्यानं त्या परत दिल्या आणि चहा न घेताच निघाला.

दिवाळीनंतर महावीरचा फोन आला होता. आण्णा आता जेवतात, घरात बोलतात. श्रवणबेळगोळला जाऊन आले. "रेल्वेची दोन तिकिटं काढाय लावली," तो म्हणाला. "मी म्हटलं बरोबर कोन? काय बोलले न्हाईत." तो हसायचा प्रयत्न करत होता. मी नाही हसलो.

या सगळ्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. कोणाकडे असेल तर जरूर लिहा, टिंगल केलीत तरी चालेल, मीही तेच करत होतो.

एक मात्र झालंय. माझी आई चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हा मी कामासाठी बाहेर होतो, पोचेपर्यंत उशीर झाला. तिचं वजन किती होतं ते मला माहीत नाही, कधी विचारलंच नाही. पूर्वी घाई असली की मी गाडीसकट काट्यावर चढायचो, आपलं वजन वजा करायचो, सोपं पडायचं. आता चढत नाही. ड्रायव्हरला सांगतो, तू ने, मी इथंच उभा राहतो. मी बसलेला असताना आकडा जास्त आला तर काय करायचं, कळत नाही. आणि जास्त नाही आला, माझं वजन तेवढं माझंच भरलं... तर त्या दिवशी घरी कसं जायचं, तेही कळत नाही.