जगबुडीचं गाणं

माझा धाकटा दीर मुंबईत असतो. मुंबईत राहणाऱ्या आमच्या गावकऱ्यांसाठी तो दर रविवारी दुपारी मोबाईलवर रेडिओ चालवतो. गावाकडची माणसं इंटरनेटवरून त्याला फोन लावतात आणि त्यांचं बोलणं तिथल्या तिथे सगळ्यांना ऐकू जातं. गौरी जवळ आल्या तेव्हा त्याने मला गाणं म्हणायला सांगितलं. मी चारचौघांत तोंड उघडणारी नाही. पण फोनवर माणसं दिसणार नव्हती, म्हणून हो म्हटलं.

मी निवडलं ते माझ्या आईचं गाणं. माझं माहेर खेडकडचं. तिथल्या जगबुडी नदीला पूर आलाय आणि लेक पलीकडे अडकली आहे, असं ते आहे. आईने ते स्वतः जुळवलं आणि गौरीच्या फेरात म्हणून म्हणून घासून गुळगुळीत केलं. तिला कुणी कधी विचारलं नाही. म्हणून मी दिराला आधीच सांगितलं होतं, गाणं कुणाचं तेवढं बोला. तो म्हणाला, बोलतो वहिनी, त्यात काय. भावालाही कळवून ठेवलं, आईच्या कानाशी रेडिओ धर.

त्या दिवशी पडवीत सासूबाई आणि शेजारच्या बायका रेडिओ लावून बसल्या. रेडिओजवळ फोन धरला की आवाज घुमतो, म्हणून मुलीने मला मागच्या खोलीत नेऊन फोन लावून दिला. मी भिंतीकडे तोंड करून गायले. दीर म्हणाला, "छान वहिनी," आणि फोन बंद झाला. अंगाला घाम फुटला होता, पण बरं वाटत होतं.

पडवीत आले तर रेडिओवर माझं शेवटचं कडवं अजून चालू होतं. फोनवरचं बोलणं रेडिओवर जरा मागाहून येतं, ते मला तेव्हा कळलं. कडवं संपलं आणि दीर बोलला, "हे आमच्या आईचं गाणं. लहानपणी हेच ऐकत आम्ही झोपायचो."

बायकांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी पदर सारखा केला. नाही म्हणाल्या नाहीत.

मी मागे जाऊन पुन्हा फोन लावला. दिराने मला रेडिओवर घेतलं नाही, हळूच म्हणाला, "वहिनी, मी लाइव्ह आहे. आईला बरं वाटलं ना? मग झालं. लोकांना काय फरक पडतो?" मी माझ्या आईचं नाव घेतलं तोवर फोन बंद होता.

या घरच्या शेतावर मी राबते, ते भात या घरचं. पोरं या घरची. गाणंसुद्धा त्यातच गेलं. आमच्या या गुहागरकडच्या गावात जगबुडी कुठून आली, एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही. एक बाई तर म्हणाली, "सासूने शिकवलं म्हणून हो, नाहीतर हिच्या तोंडातून शब्द फुटतो कधी?" सगळ्या हसल्या. मी चहा ठेवायला आत गेले.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"तुझ्या सासूला एवढी गाणी येतात, कधी बोलली नाहीस गो."

मी तिला सगळं सांगितलं. दिराला आधी सांगून ठेवलं होतं, तेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पडवीत बोलायचंस. मला सांगून काय? ते माझंच आहे, मला माहीत आहे."

पुढच्या आठवड्यात दिराचा फोन आला. मुंबईच्या लोकांना गाणं फार आवडलं, आईचं अजून एखादं म्हणा, म्हणाला. माझा आवाज बसलाय, मी सांगितलं. सासूबाई दोन दिवस मला आल्याचा काढा देत होत्या.

आईची अजून पुष्कळ गाणी मला येतात. पूर्वी भांडी घासताना गुणगुणायचे. आता तेही सोडलं. सासूबाई पडवीत असतात आणि त्यांचं कान देऊन ऐकणं हल्ली वाढलं आहे.