जोडीचं वजन

करमाडला जुन्या ट्रॅक्टरचे भाग विकणारे एक मिस्त्री आहेत. वय सत्तर, माझ्या वडिलांहून दोन वर्षांनी कमी. जुनं लोखंड घेताना ते आधी हातोडी मारून कान लावतात. आवाज बद्द आला की समजायचं, आत भेग आहे.

भरली ट्रॉली ओढताना आमच्या जुन्या ट्रॅक्टरचं तोंड चढावर उचललं जायचं, आणि चालवायला वडील. म्हणून पुढच्या चाकांना लावायची वापरलेली वजनं मी शोधत होतो. तीन खेपांत एकच मिळालं, बत्तीस किलोचं.

"सध्या एकच बसवा," मी म्हणालो.

"भाऊ, एका बैलावर नांगर चालतो व्हय? जोडीच पायजे. म्हातारं माणूस चालवतंय ना? उद्या या."

दुसऱ्या दिवशी जोडी तयार होती. मी दोन्ही काट्यावर घातली. बत्तीस आणि बत्तीस.

"दुसरं कुठं मिळालं?"

"घावलं कुठंतरी," म्हणत त्यांनी बोल्ट आवळले.

निघताना शेडमागं त्यांचा स्वतःचा ट्रॅक्टर दिसला, आमच्यासारखाच. पुढच्या एका चाकाला वजन होतं, दुसरं चाक मोकळं.

"मिस्त्री, तुमची जोडी?"

"मी कुठं म्हातारा झालोय अजून!" ते म्हणाले.